संगणकाच्या मॉनिटरवर एचडी टीव्ही : जोडणीचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

खोली घेऊन शिकणारे विद्यार्थी, बैठकीच्या खोलीत दुसऱ्या टीव्हीला जागा नसलेली कुटुंबे, किंवा जुना पण चांगला मॉनिटर घरात पडून असलेले लोक डीटीएचचा अथवा केबलचा एचडी बॉक्स थेट मॉनिटरला जोडू पाहतात. हे नीट जमते. बाजारातले चोवीस इंची स्वस्त टीव्ही पुष्कळदा १३६६ × ७६८ बिंदूंचे असतात आणि त्याच आकाराचा साधा मॉनिटर १९२० × १०८० बिंदूंचा असतो, त्यामुळे मॉनिटरवरचे चित्र अनेकदा अधिक रेखीवही दिसते. तरीही या कामात लोकांचे पैसे आणि वेळ वाया जातो, कारण बहुतेक जण केबल विकत घेण्यापासून सुरुवात करतात. केबल ही चौथी पायरी आहे. तिच्या आधीच्या तीन पायऱ्या कागद-पेन घेऊन घरातच करायच्या आहेत आणि त्यांना एक रुपयाही लागत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. मॉनिटरमध्ये वाहिन्या पकडणारा ट्यूनर नसतो, बहुधा रिमोट नसतो आणि पुष्कळदा स्पीकरही नसतो. ही तिन्ही कामे आता सेट-टॉप बॉक्सने आणि बाहेरच्या स्पीकरने करायची आहेत. मॉनिटरकडे केवळ चित्र दाखवण्याचे काम उरते.

१. मॉनिटरची मागची बाजू आणि माहितीपत्रक तपासणे

मॉनिटर भिंतीपासून ओढून मागची सगळी तोंडे पाहावीत आणि ती लिहून काढावीत. एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलने घेणारे चपटे तोंड असेल, तर काम सोपे आहे. फक्त डीव्हीआय, म्हणजे पुष्कळ भोकांचे रुंद, बहुधा पांढरे तोंड असेल, तर काम शक्य आहे, मात्र आवाजाची सोय वेगळी करावी लागेल. केवळ व्हीजीए, म्हणजे पंधरा भोकांचे निळे तोंड असेल, तर पुढे वाचण्याआधीच मी सांगेन की त्या मॉनिटरवर एचडी वाहिन्या पाहण्याचा आग्रह सोडावा. कारण पुढच्या परिच्छेदात येते. डिस्प्लेपोर्ट (संगणकाच्या चित्रासाठीचे आणखी एक प्रकारचे तोंड) असलेल्यांनी हेही ध्यानात घ्यावे की बाजारात सहज मिळणारी डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय केबल एकाच दिशेने चालते. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयच्या पडद्याकडे चित्र जाते, बॉक्सच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टकडे जात नाही.

दुसरी नोंद एचडीसीपीची. एचडी बॉक्स आपले चित्र सांकेतिक रूपात पाठवतो आणि समोरच्या पडद्याला ते उलगडण्याची परवानगी आहे का, हे जोडणीच्या क्षणी तपासतो. या तपासणीच्या पद्धतीचे नाव एचडीसीपी. ज्या मॉनिटरला एचडीएमआय आहे त्यात ही सोय जवळजवळ नेहमी असते. डीव्हीआयच्या जुन्या, विशेषतः २००७ च्या आधीच्या मॉनिटरमध्ये ती पुष्कळदा नसते आणि व्हीजीएच्या तोंडावर तर ती असूच शकत नाही. अशा पडद्यावर बॉक्सचा मेनू दिसतो, पण एचडी वाहिनी लावली की काळा पडदा किंवा परवानगी नसल्याचा संदेश येतो. हा बॉक्सचा बिघाड नव्हे. त्यासाठी बॉक्स बदलून घेण्यात अर्थ नाही.

तिसरी नोंद सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. भारतातल्या बहुतेक एचडी वाहिन्या १०८०-आय या प्रकारात, सेकंदाला ५० अर्धचित्रांच्या वेगाने प्रसारित होतात. आकडा म्हणजे चित्रातल्या रेषा; ‘आय’ म्हणजे चित्र अर्ध्या-अर्ध्या रेषांनी येते, ‘पी’ म्हणजे पूर्ण येते. संगणकाचे मॉनिटर मुळात ६० हर्ट्झसाठी, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांसाठी बनवलेले असतात. मॉनिटरच्या माहितीपत्रकात ‘सपोर्टेड टायमिंग्ज’ किंवा ‘व्हिडिओ मोड्स’ असा तक्ता असतो. त्यात १०८०-पी ५० हर्ट्झ, १०८०-आय ५० हर्ट्झ आणि ७२०-पी ५० हर्ट्झ यांपैकी काय काय आहे, ते लिहून घ्यावे. माहितीपत्रक हरवले असेल तर मॉनिटरच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर ते शोधावे.

तपासणी : पुढे जाण्याआधी कागदावर तीन उत्तरे हवीत. तोंड कोणते, एचडीसीपी आहे की नाही, आणि ५० हर्ट्झचे कोणते प्रकार चालतात. यातले एक जरी उत्तर नसेल तरी केबल घेऊ नये.

२. आवाजाची वाट आधीच ठरवणे

चित्र जमल्यावर आवाजाचे पाहू, असे म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा दुकानात दुसरी फेरी मारावी लागते. आवाजाच्या वाटा तीनच आहेत.

मॉनिटरला एचडीएमआय असून अंगचे स्पीकर असतील तर वेगळे काही लागत नाही. मात्र ते स्पीकर फार बारीक असतात आणि पंखा चालू असलेल्या खोलीत संवाद ऐकू येत नाहीत. मॉनिटरला एचडीएमआय आहे, स्पीकर नाहीत, पण हेडफोनचे गोल भोक आहे, अशी स्थिती असेल तर संगणकाचे साधे स्पीकर त्यात लावावेत. एचडीएमआयमधून आलेला आवाज तिथून बाहेर पडतो.

तिसरी वाट बॉक्समधूनच आवाज काढण्याची आहे. डीव्हीआयच्या मॉनिटरसाठी तीच घ्यावी लागते आणि माझ्या मते इतरांसाठीही ती अनेकदा उत्तम, कारण मग आवाज मॉनिटरवर अवलंबून राहत नाही. पुष्कळशा एचडी बॉक्सना मागे लाल, पांढरे आणि पिवळे तोंड असते किंवा त्या तिघांऐवजी एकच ‘एव्ही’ भोक असते. लाल आणि पांढरे म्हणजे उजवा आणि डावा आवाज. पिवळे म्हणजे साधे चित्र, जे आपल्याला नको आहे. लाल-पांढऱ्याला एका बाजूने जोडणारी आणि दुसऱ्या बाजूला स्पीकरची पिन घेणारी छोटी केबल घेतली की काम होते.

इशारा : एकच एव्ही भोक असलेल्या बॉक्सला त्याच्यासोबत आलेलीच तीन रंगांची केबल लावावी. बाहेरून घेतलेल्या केबलमध्ये पिनेवरच्या कड्यांचा क्रम वेगळा असू शकतो. तसे झाले तर एका स्पीकरमधून सतत घरघर ऐकू येते, कारण आवाजाच्या तारेवर चित्राचा संकेत आलेला असतो. अशा वेळी स्पीकर खराब झाला असे समजू नये. लाल किंवा पांढऱ्याच्या जागी पिवळी पिन लावून पाहावी.

ब्लूटूथ स्पीकरचा मोह टाळावा. आवाज चित्राच्या मागे पडतो आणि बातम्या वाचणाऱ्याचे ओठ आणि शब्द जुळत नाहीत. मॉनिटरमध्ये हा फरक भरून काढण्याची सोय सहसा नसते.

३. बॉक्स आणि वाहिनी दोन्ही एचडी आहेत का, हे पाहणे

एचडी बॉक्स घेतल्याने सगळ्या वाहिन्या आपोआप एचडी होत नाहीत. एकाच वाहिनीची साधी आणि एचडी अशी दोन रूपे वेगवेगळ्या क्रमांकांवर असतात आणि एचडी रूप आपल्या पॅकमध्ये वेगळे निवडावे लागते. मॉनिटरवर चित्र अस्पष्ट दिसते अशी तक्रार करणारे अनेक जण प्रत्यक्षात ५७६ रेषांची साधी वाहिनी पाहत असतात. बॉक्स सध्या ज्या टीव्हीला जोडलेला आहे, तिथेच नावापुढे ‘एचडी’ असलेली, पैसे भरलेली आणि प्रत्यक्ष चालणारी एक वाहिनी शोधून तिचा क्रमांक कागदावर लिहावा. पुढच्या सगळ्या चाचण्या त्याच वाहिनीवर करायच्या आहेत. डीडी फ्री डिश वापरणाऱ्यांनी आपला बॉक्स एचडीएमआय असलेला आणि एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) प्रकारचा आहे याची खात्री करावी. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर एचडी वाहिनी लागत नाही.

४. केबल घेणे, आणि काय घेऊ नये

एचडीएमआयच्या मॉनिटरसाठी साधी एचडीएमआय केबल पुरते. दीड ते दोन मीटर लांबीची, शेकड्यांत मिळणारी केबल आणि हजारांत मिळणारी सोनेरी टोकांची केबल यांच्या १०८० रेषांच्या चित्रात फरक पडत नाही. संकेत पोहोचला तर पूर्ण पोहोचतो, नाही तर ठिपके चमकतात किंवा चित्र जाते. डीव्हीआयसाठी एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला डीव्हीआय असलेली केबल घ्यावी. ती स्वस्त असते आणि तिला वेगळी वीज लागत नाही.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मॉनिटरवर टीव्ही पाहायचा आहे असे सांगितले, तर विक्रेता पुष्कळदा दोन वस्तू पुढे करतो. पहिली म्हणजे एचडीएमआयचे व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर. लॅपटॉपसाठी तो ठीक आहे. पण एचडीसीपीची तपासणी पुष्कळदा त्याच्यापाशीच अडते आणि एचडी वाहिनी बंद राहते. दुसरी वस्तू म्हणजे ‘एलसीडी टीव्ही बॉक्स’ या नावाने मिळणारा बाहेरचा ट्यूनर, ज्याला लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारा लागतात आणि जो व्हीजीएने मॉनिटरला जोडला जातो. त्याच्या खोक्यावर १९२० × १०८० असे छापलेले असले तरी त्याला मिळणारे चित्र पिवळ्या तारेवरचे ५७६ रेषांचेच असते. तो ते फक्त ताणून मोठे करतो. एचडीचे पैसे भरून साधे चित्र पाहणाऱ्यांमध्ये हा ट्यूनर घेतलेले लोक मला सर्वांत जास्त भेटले आहेत.

५. बॉक्स जुन्या टीव्हीवर असतानाच त्याचे सेटिंग बदलणे

ही पायरी गाळली की पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ येते, आणि मेनू दिसत नसल्यामुळे सेटिंगही बदलता येत नाही. म्हणून बॉक्स जिथे चालतो आहे तिथेच पुढील बदल याच क्रमाने करावेत. प्रत्येक कंपनीच्या मेनूत शब्द थोडे वेगळे असतील.

चित्राचे आउटपुट ७२०-पी ठेवावे. हे कायमचे सेटिंग नव्हे. बहुतेक मॉनिटर स्वीकारतात असा तो सुरक्षित प्रकार आहे आणि पहिली जोडणी त्यावरच करावी. पडद्याचा आकार १६:९ ठेवावा. आवाजाच्या मेनूत ‘डॉल्बी डिजिटल’ असेल तर ते काढून ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ निवडावे, कारण मॉनिटरला डॉल्बीचा संकेत उलगडता येत नाही. काही वाहिन्यांवर आवाज येतो आणि काहींवर येत नाही, या कोड्याचे कारण जवळजवळ नेहमी हेच असते. शेवटी आवाजाची पातळी बॉक्सच्याच रिमोटने बदलते ना, हे टीव्हीचा आवाज स्थिर ठेवून पाहावे.

तपासणी : आवाजाची तिसरी वाट निवडली असेल तर आत्ताच बॉक्सच्या लाल-पांढऱ्या तोंडांना स्पीकर लावून, लिहून ठेवलेली एचडी वाहिनी ऐकावी. इथे आवाज आला तर मॉनिटरवरही येणार.

६. प्रत्यक्ष जोडणी

बॉक्स आणि मॉनिटर दोन्ही भिंतीवरच्या बटणापासून बंद करावेत. रिमोटने बंद केलेला बॉक्स खऱ्या अर्थाने बंद नसतो. छत्रीकडून येणाऱ्या केबलमधून बॉक्स छत्रीच्या तोंडाशी असलेल्या, संकेत पकडणाऱ्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट वीज पाठवत असतो, त्यामुळे चालू बॉक्सची ती केबल उघडताना मधली तार कडेला टेकली तर बॉक्सला इजा होऊ शकते.

बॉक्स मॉनिटरजवळ आणल्यावर आधी छत्रीची केबल फिरकीने बसवावी, मग एचडीएमआय, मग आवाजाची केबल आणि सर्वांत शेवटी विजेचे प्लग लावावेत. मॉनिटर तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावावा. अर्थिंग नसलेल्या घरात केबलच्या धातूच्या टोकाला हात लागला की झिणझिण्या येतात. हीच गळती वीज चालू असताना एचडीएमआय खुपसताना त्याच्या नाजूक पिनांमधून वाहू शकते.

इशारा : बॉक्सचा आणि मॉनिटरचा अडॅप्टर एकसारख्या पिनेचे दिसू शकतात. एक १२ व्होल्टचा आणि दुसरा १९ व्होल्टचा असला आणि अदलाबदल झाली, तर बॉक्स जळतो. जोडण्याआधी दोन्हींवर चिठ्ठी चिकटवावी.

आता मॉनिटर सुरू करून त्याच्या बटणाने योग्य इनपुट निवडावा. काही मॉनिटर संकेत मिळाला नाही की काही क्षणांत झोपी जातात. तसे झाले तरी चालेल. त्यानंतर बॉक्सचे बटण चालू करावे. क्रम असाच ठेवण्याचे कारण असे की बॉक्स सुरू होताना समोरचा पडदा काय स्वीकारतो हे विचारून घेतो आणि त्याच वेळी एचडीसीपीची ओळखही पटवतो. मॉनिटर नंतर लावला तर पुष्कळ बॉक्स जुन्याच टीव्हीसाठीचा संकेत पाठवत राहतात.

७. चित्र आल्यावर : हालचाल

७२०-पी वर चित्र आणि आवाज दोन्ही आल्याशिवाय या पायरीला हात लावू नये.

वर सांगितल्याप्रमाणे वाहिनी १०८०-आय प्रकारात येते. प्रत्येक अर्धचित्रात एकाआड एक रेषा असतात आणि कोणीतरी त्या सांधून पूर्ण चित्र तयार करावे लागते. टीव्हीमध्ये यासाठी चांगली चिप असते. मॉनिटरमध्ये ती बहुधा सामान्य दर्जाची असते किंवा नसतेच. म्हणून बॉक्सच्या मेनूत १०८०-पी असेल आणि मॉनिटरच्या तक्त्यात १०८०-पी ५० हर्ट्झ असेल तर तेच निवडावे, म्हणजे रेषा सांधण्याचे काम बॉक्स करील. बॉक्समध्ये १०८०-पी नसेल तर १०८०-आय आणि ७२०-पी यांची प्रत्यक्ष तुलना करावी. त्यासाठी बातम्यांच्या वाहिनीवरची खालची धावती पट्टी पाहावी. १०८०-आय वर अक्षरांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटलेल्या दिसल्या तर ७२०-पी ठेवावे. आकडा लहान असला तरी क्रिकेटचा चेंडू आणि पळणारा खेळाडू त्यावर अधिक स्वच्छ दिसतो. ‘१०८० म्हणजे जास्त’ या समजुतीने फाटलेले चित्र सहन करू नये.

बॉक्समध्ये ५० आणि ६० हर्ट्झ असा पर्याय असेल तर मॉनिटर स्वीकारत असल्यास ५० ठेवावा. ५० चित्रे ६० मध्ये बसवताना काही चित्रे दोनदा दाखवावी लागतात आणि धावती पट्टी ठेचकाळत पुढे सरकल्यासारखी दिसते.

८. आकार, कडा आणि रंग

१९२० × १०८० चा मॉनिटर १६:९ असतो, तिथे अडचण नाही. पण १६८० × १०५०, १४४० × ९०० आणि १९२० × १२०० हे मॉनिटर १६:१० चे असतात आणि ते चित्र उभे ताणतात. चेहरे लांबट दिसतात. मॉनिटरच्या मेनूत ‘अ‍ॅस्पेक्ट’ निवडावा, मग वर आणि खाली बारीक काळ्या पट्ट्या येतील. त्या पट्ट्या म्हणजे दोष नव्हे.

चारी कडांचा भाग कापला जात असेल, धावती पट्टी अर्धीच दिसत असेल, तर मॉनिटरमधला ‘ओव्हरस्कॅन’ बंद करावा. काळा रंग करडा दिसत असेल आणि संपूर्ण चित्रावर धुके पसरल्यासारखे वाटत असेल, तर ब्राइटनेसला हात न लावता ‘आरजीबी रेंज’ किंवा ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ शोधावे. टीव्हीचा संकेत काळ्यासाठी १६ आणि पांढऱ्यासाठी २३५ हा आकडा वापरतो, संगणकाचा संकेत ० आणि २५५; मॉनिटर टीव्हीचा संकेत संगणकाचा समजून दाखवतो तेव्हा हे धुके येते. ‘लिमिटेड’ निवडले की ते जाते.

डीव्हीआयच्या मॉनिटरवर सगळे चित्र हिरवे-गुलाबी दिसले तर घाबरू नये. माझ्या जुन्या मॉनिटरवर पहिल्या दिवशी असेच झाले होते आणि केबल खराब आहे असे ठरवून मी ती बदलून आणली, तरी रंग तेच राहिले. बॉक्स टीव्हीच्या पद्धतीचा वायसीबीसीआर संकेत पाठवत होता आणि डीव्हीआयला फक्त आरजीबी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या रंगांचा संकेत समजतो. बॉक्सच्या मेनूत आरजीबी निवडावे. तसा पर्याय नसेल तर दोन्ही उपकरणे बंद करून सहाव्या पायरीच्या क्रमाने पुन्हा सुरू करावीत.

९. मॉनिटरची उंची आणि बसण्याचे अंतर

हे जोडणीचे काम नाही, पण एचडी दिसणे न दिसणे यावर ठरते. १०८० रेषांचा बारकावा डोळ्याला पूर्ण दिसण्यासाठी चित्राच्या उंचीच्या सुमारे सव्वातीन पट अंतरावर बसावे लागते. चोवीस इंची मॉनिटरचे चित्र जेमतेम ३० सेंटिमीटर उंच असते, म्हणजे हे अंतर साधारण एक मीटर झाले. सहा फुटांपलीकडे बसणाऱ्याला त्याच मॉनिटरवर एचडी आणि चांगली साधी वाहिनी यांच्या बारकाव्यातला फरक जवळजवळ कळत नाही. टेबलाशी किंवा पलंगावर बसून एक-दोघांनी पाहण्यासाठी मॉनिटर उत्तम. घरातल्या सहा जणांनी समोर बसून पाहण्यासाठी तो नव्हे.

जुन्या टीएन प्रकारच्या (एका जातीच्या स्वस्त पडद्याच्या) मॉनिटरमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी. त्याच्याकडे खालून पाहिले की चित्र काळवंडते. असा मॉनिटर कपाटावर उंच ठेवून जमिनीवर बसणाऱ्यांना चेहरे काळे दिसतात. मॉनिटर नजरेच्या पातळीवर आणावा किंवा त्याचे तोंड खाली झुकवावे. आयपीएस या दुसऱ्या जातीच्या पडद्याला ही अडचण फारशी येत नाही.

चित्र आलेच नाही तर

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि ती या क्रमाने : मॉनिटरचा इनपुट, मग सहाव्या पायरीप्रमाणे दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करणे, मग केबल, मग बॉक्स परत जुन्या टीव्हीला लावून आउटपुट ७२०-पी आहे का ते पाहणे. मध्ये एचडीएमआय स्विच किंवा स्प्लिटर असेल तर तो काढून थेट जोडणी करावी. मेनू दिसतो, साध्या वाहिन्या दिसतात आणि केवळ एचडी वाहिनीच बंद राहते, असे असेल तर आधी ती वाहिनी जुन्या टीव्हीवर लागते का ते पाहावे. तिथे लागत असेल तर अडचण एचडीसीपीची आहे आणि मॉनिटर बदलण्यावाचून इलाज नाही.

बॉक्सऐवजी टीव्ही स्टिक (इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारे, एचडीएमआयमध्ये खुपसायचे छोटे उपकरण) वापरणाऱ्यांना हेच नियम लागू आहेत, फक्त दोन फरक आहेत. स्टिकला हेडफोनचे भोक नसते, म्हणून मॉनिटरलाही ते नसेल तर एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणारा एक्स्ट्रॅक्टर लागतो. आणि स्टिकला वीज तिच्या स्वतःच्या अडॅप्टरनेच द्यावी. मॉनिटरच्या यूएसबी तोंडातून मिळणारी वीज पुष्कळदा अपुरी पडते आणि स्टिक मध्येच पुन्हा पुन्हा सुरू होत राहते.

सगळे जमल्यावर आउटपुट, आकार, आवाजाचा प्रकार आणि मॉनिटरच्या मेनूतले बदल एका कागदावर लिहून तो मॉनिटरच्या पाठीला चिकटवावा. बॉक्सचे सॉफ्टवेअर नवे झाले किंवा तो रीसेट करावा लागला, तर ही सेटिंग मूळ पदावर जाऊ शकतात, आणि तोवर जुना टीव्ही घरातून गेलेला असतो.